103 पौंडांपासून 86 किलोपर्यंत: डेव्हिड टेलरचे प्रकरण

अमेरिकन मल्ल डेव्हिड टेलर पहिल्यांदा ओहायो राज्याचा शालेय विजेता झाला तो 2006 साली, 103 पौंडांच्या गटात. आपल्या मापाने 46.7 किलो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या शालेय कुस्तीत तेव्हा याहून हलका गट नव्हता. 15 वर्षांनी, 5 ऑगस्ट 2021 रोजी, टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले ते 86 किलो गटात. म्हणजे शाळेतल्या त्या पोराच्या जवळजवळ पावणेदोन पट, किंबहुना थोडे जास्तच, वजनाच्या माणसांमध्ये.

मुलगा वाढतो, त्याचे वजन वाढते, यात नवल काही नाही. नवल आहे ते पुढचे. वजन वाढले की मल्लाची कुस्ती सहसा बदलते. चपळाई कमी होते, पायाकडे जाणारे डाव मागे पडतात, मानेवर आणि हातांवर जोर देऊन समोरच्याला दमवण्याची सवय लागते. टेलरच्या बाबतीत तसे झाले नाही. 86 किलोत तो जी कुस्ती खेळला ती पाहताना त्याचा वेग, पट काढण्याची, म्हणजे पाय धरून समोरच्याला पाडण्याची, भूक आणि सहाही मिनिटे न थांबण्याची रीत हलक्या गटातल्या पोराची वाटते. ती त्याच्या अंगात कशी मुरली आणि वजन वाढताना टिकली कशी, यासाठी हे प्रकरण सुरुवातीपासून पाहायला हवे.

सगळ्यात हलक्या पोराला मिळणारी जागा

अमेरिकेतली शालेय कुस्ती संघाची असते. टेलरच्या काळात 103 पौंडांपासून 285 पौंडांपर्यंत 14 गट होते आणि मुख्य संघात प्रत्येक गटासाठी शाळेचा एकच मुलगा. दोन शाळा समोरासमोर आल्या की 14 कुस्त्या होतात आणि गुणांची बेरीज करून संघ जिंकतो. तिथले हायस्कूल नववी ते बारावी. म्हणजे एकाच संघात 14 वर्षांचा मुलगाही असतो आणि मिसरूड फुटून वर्षे झालेला 18 वर्षांचाही.

आता 150-160 पौंडांच्या गटाचा विचार करा. तिथे बारावीचे, अंगाने भरलेले, तीन-तीन वर्षे मॅटवर घालवलेले मुलगे असतात. नववीतला एखादा दणकट मुलगा त्या वजनाचा असला, तरी त्याला बहुतेक वेळा दुय्यम संघात थांबावे लागते. 103 पौंडांचे तसे नाही. बारावीच्या मुलांमध्ये त्या वजनाचा कोणी सापडणे मुश्कील, त्यामुळे ती जागा आपोआप लहान्यांकडे येते. कित्येक शाळांना तर तेवढा हलका मुलगा मिळतच नाही. मग ती कुस्ती न खेळताच समोरच्या संघाला 6 गुण बहाल होतात. चितपटीलाही 6 गुणच असल्यामुळे प्रशिक्षकाला हा घाटा झोंबतो, आणि तो आठवीपासूनच असा मुलगा हेरून ठेवतो.

परिणाम असा की, ज्या मुलाला वर्गात सगळे 'बारक्या' म्हणतात त्याला कुस्तीत मोठ्यांच्या आधी संधी मिळते. नववीपासून मुख्य संघ, मोठ्या स्पर्धा, भरलेली प्रेक्षागृहे, जिल्हा आणि राज्य. दणकट मुलगा अकरावीत मुख्य संघात येतो तेव्हा या बारक्याच्या गाठीशी दोन हंगामांच्या खऱ्या कुस्त्या असतात. माझ्या मते हलक्या गटातून आलेल्या मल्लांचे रहस्य शोधताना इथून सुरुवात करायला हवी. अंगभूत गुणांची चर्चा सगळे करतात. पण चार वर्षे सलग खेळायला मिळणे ही आधी व्यवस्थेने दिलेली गोष्ट आहे.

सेंट पॅरिसची तालीम

टेलरचा जन्म 1990 च्या डिसेंबरातला, लहानपण वायोमिंग राज्यातले. पुढे कुटुंब ओहायोत आले आणि तो ग्रॅहम हायस्कूलमध्ये दाखल झाला. सेंट पॅरिस हे पश्चिम ओहायोतले शेतीवाडीचे छोटेसे गाव. पण शालेय कुस्तीत ग्रॅहमचा दबदबा असा की, 2001 पासून राज्याचे सांघिक विजेतेपद वर्षामागून वर्ष त्याच शाळेकडे जात राहिले. प्रशिक्षक जेफ जॉर्डन. ते स्वतः शाळेत असताना चार वेळा राज्य विजेते झालेले. आपल्याकडे ज्याला वस्ताद म्हणतो तसा माणूस.

अशा शाळेत 103 पौंडांचा मुलगा असणे वेगळे. सामन्यातला प्रतिस्पर्धी दुबळा निघाला तरी सरावात सुटका नाही. वरच्या गटातली चांगली पोरे रोज अंगावर घ्यायची. टेलर चारही वर्षे आपल्या विभागात राज्य विजेता झाला. (ओहायोत पटसंख्येप्रमाणे शाळांचे विभाग पाडलेले होते.) शाळेच्या चार वर्षांत त्याने 180 कुस्त्या जिंकल्या, हरल्या फक्त 2. शेवटच्या वर्षी, 2009 मध्ये, तो 135 पौंडांत म्हणजे 61.2 किलोत होता. चार हंगामांत साडेचौदा किलो.

46 किलोच्या दोन मुलांची कुस्ती जवळून पाहिली की लक्षात येते, तिथे कोणी कोणाला नुसते दाबून ठेवू शकत नाही. तेवढी ताकदच अंगात नसते. एकाने एकेरी पट काढला की दुसरा लगेच पडत नाही. तो कंबर फिरवतो, पाय सोडवता सोडवता समोरच्याचा घोटा पकडतो, दोघेही मॅटवर गुंततात आणि पुढचे पाच-सात सेकंद कोण वर आणि कोण खाली हे पंचालाही सांगता येत नाही. अशा झटापटीत जो आधी हलतो तो जिंकतो. जो क्षणभर थांबून विचार करतो त्याच्यावर ताबा जातो. वजनदार गटात ही झटापट तुलनेने कमी होते. दोघे कपाळाला कपाळ लावून हात झटकत राहतात, आणि एकदा पाय हाती आला की अंगावर भार टाकून प्रकरण तिथेच संपवता येते.

म्हणजे हलक्या गटातल्या मुलाला एका हंगामात ज्या प्रकारच्या विस्कटलेल्या, अर्धवट, अनपेक्षित स्थिती अंगावर घ्याव्या लागतात, त्या जड गटातल्या मुलाच्या वाट्याला कमी येतात. त्यात अमेरिकेतली शालेय कुस्ती ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलहून निराळी. तिथे खाली असलेल्याला स्वतः सुटून उठावे लागते, त्याचा गुण मिळतो. वरच्याला त्याला मॅटवर धरून ठेवून चितपटीकडे न्यावे लागते. टेलर या वरच्या खेळात फार तयार झाला. मान आणि गुडघा एकाच मिठीत आवळून समोरच्याला मुटकुळे करून पाठीवर लोळवायचे, हा डाव तो शाळेपासून पेन स्टेट विद्यापीठापर्यंत खेळत राहिला. यात दंडाच्या घेरापेक्षा हाताची लांबी आणि वेळ साधणे जास्त लागते. लांब हातापायांच्या सडपातळ मुलाला तो शोभतो.

वजन उतरवायचे की वाढू द्यायचे

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हा वाटतो, आणि त्यावर सगळ्यात कमी बोलले जाते.

हलक्या गटात राज्य विजेता झालेल्या मुलापुढे पुढच्या वर्षी मोह उभा राहतो. अंग वाढायला लागलेले असते, पण खालच्या गटात आपण अजिंक्य आहोत हे माहीत असते. प्रशिक्षकाला खात्रीचे गुण हवे असतात, आईबापांना आणखी एक पदक. मग वजन उतरवणे सुरू होते. रबरी कपडे घालून धावणे, पाणी तोडणे, थुंकत बसणे. अमेरिकेने याची जबर किंमत मोजली आहे. 1997 च्या अखेरीस महिना-सव्वा महिन्याच्या आत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मृत्यू पावले. कॅम्पबेल, विस्कॉन्सिन-ला क्रॉस आणि मिशिगन अशा तीन वेगवेगळ्या विद्यापीठांतले. त्यानंतर महाविद्यालयीन गट वर सरकवले गेले. सगळ्यात हलका गट 118 पौंडांचा होता तो 125 पौंडांचा झाला. रबरी कपडे आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, वजन कुस्तीच्या अगदी आधी घेतले जाऊ लागले. शाळांमध्येही पुढे नियम झाला: हंगामाच्या सुरुवातीला अंगातले पाण्याचे प्रमाण आणि चरबी मोजायची, मुलाची चरबी 7 टक्क्यांच्या खाली जाईल असा गट त्याला द्यायचा नाही, आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरू द्यायचे नाही.

नियम असले तरी मोह राहतो. 15-16 वर्षांच्या मुलाला दोन वर्षे खालच्या गटात कोंडून ठेवले, तर पदके येतात, पण त्याच वयात हाडे आणि स्नायू भरायचे असतात. शिवाय सरावाचा वेळ डाव शिकण्यात जाण्याऐवजी घाम गाळण्यात जातो. उपाशी मुलगा नवे काही शिकत नाही. तो फक्त पुढच्या वजनकाट्यापर्यंत तग धरतो.

टेलरची नोंद पाहिली की दिसते, त्याचे गट त्याच्या अंगामागून चढत गेले. 2006 मध्ये 103 पौंड, 2009 मध्ये 135. महाविद्यालयात पहिला हंगाम त्याने स्पर्धेबाहेर राहून सरावात घालवला. तिथल्या नियमांत अशा वर्षाची मुभा असते आणि ते वर्ष खेळण्याच्या चार वर्षांत मोजले जात नाही. ते संपवून तो मॅटवर आला तेव्हा 157 पौंडांत, म्हणजे 71.2 किलोत होता. दोन वर्षांत दहा किलो. पुढच्या वर्षी 165. प्रत्येक पायरीवर नव्या गटात तो तुलनेने सडपातळच होता, आणि त्यामुळे त्याला जुनीच कुस्ती खेळावी लागली. ताकदीवर भागवण्याची सोय कधी मिळालीच नाही. हे माझे अनुमान आहे, पण त्याच्या कुस्त्या ओळीने पाहिल्या तर ते पटते.

पेन स्टेट आणि तीन पराभव

टेलरने आधी आयोवा स्टेट विद्यापीठ निवडले होते, कारण तिथे केल सँडरसन प्रशिक्षक होते. सँडरसन म्हणजे महाविद्यालयीन कुस्तीत 159 कुस्त्या आणि एकही हार नाही असा मल्ल, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 84 किलोचा सुवर्णविजेता. 2009 मध्ये सँडरसन पेन स्टेटला गेले आणि टेलरही त्यांच्यामागे गेला. त्याच्या चार हंगामांत, 2011 ते 2014, पेन स्टेटने चारही वर्षे राष्ट्रीय सांघिक विजेतेपद जिंकले. त्याचा वैयक्तिक हिशेब 134 विजय, 3 पराभव. 2012 आणि 2014 मध्ये तो 165 पौंडांत राष्ट्रीय विजेता झाला, दोन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन मल्लाला मिळणारी हॉज ट्रॉफी त्याला मिळाली.

ते तीन पराभव विजयांपेक्षा जास्त शिकवतात. पहिला 2011 च्या अंतिम फेरीतला, फिलाडेल्फियात. समोर होता बब्बा जेन्किन्स, जो आधी पेन स्टेटचाच आणि नंतर अॅरिझोना स्टेटला गेलेला. त्याने टेलरला चितपट केले. जो डाव टेलरचा हुकमी तोच त्याच्यावर बसला: मान आणि गुडघा एका मिठीत.

उरलेले दोन पराभव कायल डेककडून, 2012-13 च्या हंगामात. डेक न्यूयॉर्क राज्यातल्या लॅन्सिंगचा, कॉर्नेल विद्यापीठाचा. त्याने 141, 149 आणि 157 पौंडांत ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. चौथ्या वर्षी तो मुद्दाम 165 पौंडांत चढला, जिथे टेलर विद्यमान विजेता होता. डे मॉइनच्या अंतिम फेरीत डेक 5-4 ने जिंकला आणि चार वर्षांत चार वेगवेगळ्या गटांत राष्ट्रीय विजेता झालेला पहिला मल्ल ठरला. पुढे डेक जगज्जेताही झाला, चार वेळा, 79 आणि 74 किलोत.

त्या अंतिम कुस्तीत दोघेही खालून चढत आलेले होते आणि झटापटीत दोघेही तोडीस तोड. निकाल लागला तो स्थिर ताकदीवर, वर राहून धरून ठेवण्याच्या क्षमतेवर. टेलरने कितीही वेगाने हल्ला केला तरी डेकच्या पकडीत अडकला की घड्याळ पळत राहायचे. चपळाईला मर्यादा आहे, आणि ती कुठे आहे हे टेलरला 22 व्या वर्षी कळले. माझ्या दृष्टीने त्याच्या 86 किलोतल्या यशाचे बी या पराभवात आहे. वेग ठेवायचा, पण त्याखाली भक्कम अंग घालायचे.

12 किलोंची दरी

ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे गट आता 57, 65, 74, 86, 97 आणि 125 किलो. 74 आणि 86 यांच्यामध्ये काही नाही. जागतिक स्पर्धेत 79 किलो असतो, ऑलिंपिकमध्ये नाही. नैसर्गिक वजन 79-80 च्या आसपास असलेल्या मल्लाला एक तर सहा किलो उतरवावे लागते, नाही तर तेवढेच चढवावे.

टेलरने आधी 74 किलोचा रस्ता धरला. तिथे अमेरिकेतच जॉर्डन बरोज होता, 2012 चा ऑलिंपिक विजेता आणि वारंवारचा जगज्जेता. त्याला ओलांडून संघात जाणे टेलरला जमले नाही. मग तो 86 किलोत चढला. फेब्रुवारी 2017 मध्ये इराणच्या केर्मानशाह शहरात विश्वचषक झाला. अमेरिका आणि इराण यांच्यातल्या व्हिसाच्या वादामुळे अमेरिकन संघाला प्रवेश मिळणार की नाही हेच शेवटपर्यंत पक्के नव्हते. तिथे टेलरने इराणच्या हसन यझदानीला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर चितपट केले. यझदानी आदल्याच वर्षी रिओत 74 किलोचा ऑलिंपिक विजेता झालेला. त्याच उन्हाळ्यात मात्र देशांतर्गत चाचणीत जेडन कॉक्सने टेलरला हरवले आणि जागतिक स्पर्धेचा संघ पुन्हा हुकला.

2018 मध्ये बुडापेस्टला तो 27 वर्षांचा होता आणि पहिल्यांदाच वरिष्ठ जागतिक स्पर्धेत उतरत होता. पहिल्याच फेरीत समोर यझदानी, 86 किलोचा विद्यमान जगज्जेता. टेलर 11-6 ने जिंकला आणि पुढे विजेताही झाला. 2019 च्या मे महिन्यात गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेले. साथीमुळे ऑलिंपिक एका वर्षाने लांबले. 2021 च्या एप्रिलमध्ये चाचणीत पेन स्टेटच्याच बो निकलला हरवून तो टोकियोला पोहोचला.

टोकियोतल्या पहिल्या तीन कुस्त्या त्याने दहा गुणांच्या फरकाने, वेळ संपायच्या आत संपवल्या. अंतिम फेरीत यझदानी होताच. शेवटच्या वीस सेकंदांत प्रवेश करताना टेलर 2-3 ने मागे. अशा वेळी 86 किलोचा मल्ल सहसा समोरच्याला कडेला ढकलून एक गुण मिळवायचा प्रयत्न करतो, कारण पायात शिरून अडकलो तर सगळे गेले ही भीती असते. टेलर खाली वाकला आणि थेट दुहेरी पटात शिरला. यझदानीचे दोन्ही पाय त्याच्या मिठीत आले, ताब्याचे दोन गुण पडले. 4-3. घड्याळात 17 सेकंद उरले होते.

तो डाव बघताना मला 103 पौंडांच्या गटातला मुलगा दिसतो. पाच-साडेपाच मिनिटे खेळून झाल्यावर, पाय जड झालेले असताना, जगातल्या सर्वोत्तम बचावाच्या आत शिरायचे धाडस त्याच माणसाला होते ज्याने लहानपणापासून हजारो वेळा हेच केले आहे आणि ज्याला बाकी कशाची सवयच नाही.

पुढच्या दोन वर्षांत या दोघांच्या कुस्त्यांनी जगाचे लक्ष वेधून घेतले. 2021 च्या ऑक्टोबरात ओस्लोला यझदानी 6-2 ने जिंकला. 2022 मध्ये बेलग्रेडला टेलर 7-1 ने. 2023 मध्ये पुन्हा बेलग्रेडला टेलरने त्याला चितपट केले.

यझदानी आणि दीपक पुनिया

यझदानीचा प्रवासही बघण्यासारखा आहे. इराणच्या माझंदरान प्रांतातल्या जुयबारचा हा मल्ल 2015 च्या जागतिक स्पर्धेत 70 किलोत रौप्यविजेता होता. 2016 मध्ये 74 किलोत ऑलिंपिक सुवर्ण, 2017 मध्ये 86 किलोत जागतिक सुवर्ण. दोन वर्षांत 16 किलो. म्हणजे टोकियोच्या 86 किलोच्या अंतिम फेरीत उभे असलेले दोघेही त्या वजनात जन्मभर राहिलेले नव्हते. दोघेही खालून आलेले, दोघेही पायावर हल्ला करणारे, दोघांचाही दम अफाट. त्या गटाची कुस्ती त्यांनी काही वर्षे बदलूनच टाकली.

त्याच टोकियोत उपांत्य फेरीत टेलरसमोर आपला दीपक पुनिया होता. हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातल्या छारा गावचा. भारतातल्या कुस्तीप्रेमींना ती कुस्ती आठवत असेल आणि ती आठवण सुखद नाही. 10-0. पण दीपकची वाट पाहा. 2016 मध्ये, 17 वर्षांचा असताना, तो 85 किलोत कॅडेट, म्हणजे किशोर गटाचा, जगज्जेता झाला. 2019 मध्ये 86 किलोत ज्युनियर जगज्जेता, त्याच वर्षी वरिष्ठ जागतिक स्पर्धेत रौप्य. तो लहानपणापासून त्याच वजनात वाढला आणि त्या वाटेने फार उंच गेला. 17 व्या वर्षी दीपक 85 किलोचा होता, तर टेलर 18 व्या वर्षी जेमतेम 61 किलोचा. ती एक कुस्ती कोणती वाट बरोबर हे ठरवत नाही. दीपक तेव्हा 22 वर्षांचा, टेलर 30 चा. अनुभवाचे अंतरच मोठे होते. तरी त्या कुस्तीत टेलर ज्या वेगाने पायात शिरत होता त्या वेगाची सवय जड गटात वाढलेल्या मल्लाला कुठून होणार, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी विचारण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण आपले सगळे कौतुक महाराष्ट्र केसरीच्या जड गटाभोवती फिरते. हलक्या वजनाचा पोरगा तालमीत आला की त्याला आधी खुराक वाढवायला सांगतात, डाव नंतर. खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये 52 किलोत सहावे आले, चार वर्षांनी हेलसिंकीत 57 किलोत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हलका मल्ल, पण एक पायरी वर चढून गेलेला.

या प्रकरणाच्या मर्यादा

टेलरचे उदाहरण घेऊन "हलक्या गटात सुरुवात केली की मोठा मल्ल होतो" असे कोणी म्हटले तर ते चूक होईल. दरवर्षी अमेरिकेत सगळ्यात हलक्या गटात हजारो मुले खेळतात. त्यातली बहुतेक पुढे वाढून मधल्या गटात हरवतात, किंवा वाढतच नाहीत आणि महाविद्यालयात 125 पौंडांच्या गटाला पुरी पडत नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर येतात ती फक्त पोहोचलेली.

उलट उदाहरणेही आहेत. पेनसिल्व्हेनियाचा स्पेन्सर ली शाळेच्या शेवटच्या वर्षी 126 पौंडांत होता, आयोवा विद्यापीठात 125 पौंडांत तीन वेळा राष्ट्रीय विजेता झाला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 57 किलोत रौप्य घेऊन आला. त्याचे अंग वाढले नाही आणि त्याने हलक्याच गटात शिखर गाठले. कायल स्नायडर मात्र शाळेपासून जड गटातला. 2015 मध्ये 19 व्या वर्षी 97 किलोचा जगज्जेता आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिक विजेता. त्याला खालून चढत यावे लागले नाही, तरी त्याच्या पटांचा वेग कोणाहून कमी नव्हता. म्हणजे ही कुस्ती जड मुलालाही शिकवता येते. फक्त ती मुद्दाम शिकवावी लागते. हलक्या मुलावर ती परिस्थितीच लादते.

नियमही आता बदलले आहेत. 2011-12 पासून सगळ्यात हलका शालेय गट 103 वरून 106 पौंडांवर गेला. 2023-24 पासून राज्यांना 12, 13 किंवा 14 गटांचा आराखडा निवडायची मुभा आहे, आणि 12 गटांच्या आराखड्यात सर्वांत हलका गट 108 पौंडांचा आहे. जागा रिकाम्या राहतात, फुकटचे गुण वाटले जातात, हे कारण खरे आहे. पण 12 गट निवडणाऱ्या राज्यांत 95 पौंडांचा नववीतला मुलगा आता 108 पौंडांच्या मुलाशी झुंजतो. त्याच्या अंगावर 13 पौंड, म्हणजे जवळजवळ सहा किलो जास्त. 95 पौंडांवर ते फार आहे. त्यातले काही हरत हरत वर्षाच्या शेवटी खेळ सोडतील. हा बदल मला पटत नाही. गट गाळायचाच तर तो वरच्या बाजूला गाळता आला असता.

आता

एप्रिल 2024 मध्ये पेन स्टेटच्याच गावी, स्टेट कॉलेजमध्ये, अमेरिकेची ऑलिंपिक चाचणी झाली. अॅरन ब्रुक्सने, सँडरसन यांच्याच दुसऱ्या शिष्याने, टेलरला ओळीने दोन कुस्त्यांत हरवले आणि पॅरिसला जाऊन कांस्यपदक आणले. मे महिन्यात टेलर ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ती जागा सोडून गेले जॉन स्मिथ, 1988 आणि 1992 चे 62 किलोचे ऑलिंपिक विजेते. घोट्यापर्यंत खाली जाऊन एकेरी पट काढण्याची त्यांची पद्धत आज जगभर शिकवली जाते, आणि टेलरच्या पिढीतली हलकी मुले तीच बघत मोठी झाली.

आता 17-18 वर्षांची मुले निवडायचे काम टेलरकडे आहे. त्यातली काही शाळेत 106 पौंडांपासून सुरुवात केलेली असतात. त्यातला कोण 125 वर थांबेल, कोण 165 पर्यंत जाईल हे वजनकाटा सांगत नाही. तळवे, मनगटे, हातपायांची लांबी आणि घरच्यांची चण यांवरून थोडा अंदाज येतो. बाकी मुलाला उपाशी न ठेवता दोन-तीन वर्षे वाट बघायची तयारी लागते.